बाबांची गाडी ठेवू की विकू?

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आला आहे, की आता लिहायलाच हवं. वडील गेले, त्यांची जुनी गाडी मागे राहिली. तिचं काय करायचं? आईचं शिलाई मशीन माळ्यावर निमूट पडून राहतं. गाडी जागा अडवते, पैसे मागते आणि तिच्या कागदांची मुदत संपते.

घोडबंदर रोडवरून एक ४५ वर्षांचे गृहस्थ येत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडिलांची २०११ची वॅगन-आर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. दर रविवारी ते खाली जात, इंजिन सुरू करत आणि नुसते आत बसून राहत. पत्नी वैतागलेली, कारण रोजची गाडी बाहेर रस्त्यावर. त्यात मेहुण्यांनी घाबरवलेलं, १५ वर्षं झाली की गाडी जप्त होते.

पहिल्या भेटीत मी मनाच्या गोष्टींना हात लावला नाही. भीती आधी उतरवावी लागते. जप्तीची ती बातमी दिल्लीकडची. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली आणि शुल्क, पर्यावरण कर भरला की ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पण त्यांचं खरं काम वेगळंच राहिलं होतं. मालकाच्या मृत्यूची खबर ३० दिवसांत आरटीओला द्यायची, ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, विम्यावरचं नावही बदलायचं. इथे १४ महिने उलटले होते.

"फॉर्म आणून ठेवलाय मॅडम. भरवत नाही. बाबांचं नाव खोडतोय असं वाटतं."

पुढच्या दोन-तीन भेटी एकाच वाक्याभोवती फिरल्या: "ठेवलीच पाहिजे." या 'च'पाशी मी नेहमी थांबते. 'ठेवावीशी वाटते' असं म्हणणारा माणूस विचार करू शकतो. 'च' लागला की विचार बंद होतो. ते मनातल्या मनात बाबांची परवानगी मागत होते आणि उत्तर येत नव्हतं. म्हणून मी विचारलं, "या गाडीआधी बाबांकडे काय होतं?"

"चेतक."

"तिचं काय केलं त्यांनी?"

बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले. "विकली. दूधवाल्याला. आजोबांना शेवटचं दवाखान्यात त्याच स्कूटरवरून नेलं होतं. आदल्या दिवशी बाबांनी मला सोबत घेऊन ती धुतली. मी रडत होतो. म्हणाले, अरे, कामाला चाललीय ती."

आणि १४ महिन्यांत पहिल्यांदा ते रडले.

मी काहीच सुचवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या कामात माझा यावर विश्वास बसला आहे, की उत्तर माणसाच्या घरातच कुठेतरी ठेवलेलं असतं. दुःखातून बाहेर पडायचं म्हणजे गेलेल्या माणसाशी नातं तोडायचं, हे मला कधीच पटलं नाही. नातं राहतं, त्याची जागा बदलते. ती बदलेपर्यंत एखादी वस्तू ते सांभाळत असते, म्हणून घरच्यांनी ती परस्पर विकून टाकू नये.

असा पेच पडला असेल तर कागद आधी करा. ठेवायची असो वा विकायची, नाव बदलावंच लागतं. आईला, भावंडांना विचारा. वारस तेही आहेत, त्यांची संमती लागते, आणि बहुतेक घरांत त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. इतक्या पावसाळ्यांनंतर तळ गंजला आहे का, हे विश्वासातल्या मेकॅनिककडून बघून घ्या. आणि उभ्या गाडीबद्दल निर्णय घेऊ नका. विम्याचं बघून ती चार वेळा चालवा, मग स्वतःला विचारा.

ते गृहस्थ पुढच्या भेटीला फॉर्म ३१ भरून घेऊन आले. बोट ठेवून दाखवलं: मूळ मालकाचं नाव तिथे लिहावं लागतं. बाबांचं पूर्ण नाव त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

गाडीचं अजून ठरलेलं नाही. सध्या दर सोमवारी ते आईला तिच्यातून कौपिनेश्वराच्या देवळात नेतात. आई पुढे बसते.