थाकसिन शिनावात्रा लोकशाहीवादी की लुटारू? आणि थाई लोकांसमोर यावर काय बोलावं?

तुमच्या ऑफिसातले दोन थाई सहकारी जेवताना थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन यांच्यावरून भांडले. एक म्हणाला तो लोकशाहीचा नेता, दुसरी म्हणाली लुटारू. कोण खरं, असं तुम्ही विचारलंय. दोघंही अर्धवट बोलले. मला चीड येते ती याची, की वीस वर्षं हा वाद 'पैसे खाल्ले की नाही' एवढ्यावरच घुटमळतोय आणि 'ताक बाई' या गावाचं नाव कुणी काढत नाही.

ताक बाई हे थायलंडच्या दक्षिण टोकाला, नराथिवात प्रांतात, मलेशियाच्या हद्दीला लागून आहे. वस्ती बहुतेक मलय मुसलमानांची. २५ ऑक्टोबर २००४, रमजानचे दिवस. सहा स्थानिक ग्रामरक्षकांना अटक झाली म्हणून पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला. गोळीबारात ७ जण मेले. मग सुमारे १३०० पुरुषांना ताब्यात घेतलं, त्यांचे हात पाठीमागे बांधले आणि लष्करी ट्रकांमध्ये पालथं घालून एकावर एक रचलं. खालच्या थरातल्या माणसाच्या पाठीवर तीन-चार माणसांचं ओझं, हात बांधलेले, त्यामुळे छाती उचलून श्वास घेणंही अशक्य. अशा अवस्थेत काही तासांचा प्रवास करून ट्रक पत्तानीतल्या लष्करी छावणीत पोचले, तोवर ७८ जण मेलेले होते. त्या वेळी पंतप्रधान असलेल्या थाकसिन यांनी कारण दिलं की उपवासामुळे ते आधीच अशक्त झाले होते. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांच्या पक्षाने ५०० पैकी ३७० हून जास्त जागा जिंकल्या.

आता लष्करी उठाववाल्यांकडे बघा. १९ सप्टेंबर २००६ ला थाकसिन न्यूयॉर्कमध्ये असताना लष्कराने सत्ता घेतली. पुढे त्यांना पहिली शिक्षा, दोन वर्षांची, कशात झाली? पत्नीने सरकारी निधीकडून लिलावात घेतलेल्या बँकॉकमधल्या एका जमिनीच्या प्रकरणात. ताक बाईचा खटला चालवला असता तर पिंजऱ्यात लष्करी अधिकारीही उभे राहिले असते. भ्रष्टाचार सोयीचा होता, तो वापरला. म्हणून 'तो चोर होता, लष्कराने बरोबर केलं' हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. तो हुकूमशाही वृत्तीचा होता हे खरं, पण त्याला हटवण्याचा हक्क मतदाराचा होता.

आणि हटवायची पद्धत नंतर ठरूनच गेली. पक्ष जिंकला की कुणीतरी याचिका करतं, घटना न्यायालय पक्ष विसर्जित करतं, पदाधिकाऱ्यांवर पाच (पुढे दहा) वर्षांची बंदी येते, उरलेले नव्या नावाने पक्ष काढतात. २००७ मध्ये थाकसिनचा पक्ष विसर्जित होऊन १११ जणांवर बंदी आली. २००८ मध्ये थाकसिन गटाच्या नव्या पक्षाचे पंतप्रधान समक सुंदरवेज टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करून मानधन घेतात म्हणून पायउतार झाले. 'नोकर' म्हणजे कोण हे ठरवायला न्यायालयाने शब्दकोशाचा आधार घेतला. त्याच डिसेंबरात तोही पक्ष विसर्जित. २०११ ला बहीण यिंगलक निवडून आली, २०१४ ला पुन्हा उठाव.

मग २०१७ च्या घटनेत गणितच बदललं. २०२४ पर्यंत निवडून आलेले ५०० खासदार आणि नेमलेले २५० सिनेटर मिळून पंतप्रधान निवडायचे, म्हणजे बहुमत ३७६. २०२३ मध्ये सुधारणावादी मूव्ह फॉरवर्ड पक्षाला १५१ जागा मिळाल्या, थाकसिनच्या फ्यू थाईला १४१. मूव्ह फॉरवर्डचे नेते पिता लिमचारोएनरत ३२४ मतांवर अडकले, कारण सिनेटमधून फक्त १३ मतं आली. फ्यू थाईने साथ सोडली आणि उठाववाल्यांच्याच पक्षांना बरोबर घेतलं. २२ ऑगस्ट २०२३ ला सकाळी, इतकी वर्षं परदेशात राहिलेले थाकसिन खासगी विमानाने बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर उतरले. त्याच दिवशी त्यांच्या पक्षाचे श्रेथा पंतप्रधान झाले. गैरहजेरीत झालेली ८ वर्षांची शिक्षा राजाच्या माफीने १ वर्षावर आली, आणि पहिल्याच रात्री तुरुंगातून पोलीस रुग्णालयात हलवलेल्या थाकसिनना पॅरोल मिळेपर्यंत तिथेच ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुक्काम शिक्षेत धरायला नकार देऊन त्यांना तुरुंगात पाठवलं. माझ्या मते ज्यांनी रस्त्यावर त्यांच्यासाठी गोळ्या झेलल्या, त्या लाल शर्टवाल्या समर्थकांची मतं त्यांनी परतीच्या तिकिटासाठी वापरली.

ताक बाईच्या खटल्याची २० वर्षांची मुदत २५ ऑक्टोबर २०२४ ला संपली. तेव्हा पंतप्रधान त्यांची मुलगी पेतोंगटार्न होती. आरोपींपैकी एक निवृत्त सेनाधिकारी फ्यू थाईचा खासदार होता, तो परदेशी गेला. एकही आरोपी न्यायालयात आला नाही.

तुम्ही काय बोलावं, तर थाकसिनवर बिनधास्त बोला, राजघराण्यावर एक शब्दही नको. राजघराण्याच्या अवमानाच्या कलम ११२ खाली एकेका विधानाला ३ ते १५ वर्षं तुरुंगवास आहे, तक्रार कुणीही करू शकतो आणि परदेशी माणूस सुटत नाही. चॅटमध्ये आलेला मजकूर पुढे पाठवणंही टाळा. लाल शर्ट (थाकसिनसमर्थक) आणि पिवळा शर्ट (राजनिष्ठ विरोधक) एकत्र जेवत असतील तर २०१० च्या गोळीबाराचा विषय, ज्यात ९० हून जास्त माणसं मेली, आपणहून काढू नका.

एक सांगायचं राहिलं. तुमचा पहिला सहकारी ईशान्येकडचा, म्हणजे इसानचा असेल तर त्याचं प्रेम आंधळं समजू नका. २००१ नंतर तिथला शेतकरी ३० बाथ देऊन सरकारी दवाखान्यात उपचार घेऊ लागला. त्याआधी एका शस्त्रक्रियेत म्हैस आणि शेत जायचं. योजनेचा आराखडा डॉक्टरांनी बरीच वर्षं खपून केला होता, पण पैसे देऊन ती चालू केली थाकसिनने.