‘स्त्रीसुलभ’ म्हणजे नेमकं काय सुलभ?

प्रश्न असा आला आहे: “दोन वेगळ्या देशांतल्या जोडप्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतो आहे. त्यात एक युरोपीय नवरा सांगतो, की आशियाई बायका ‘जास्त फेमिनिन’ असतात म्हणून त्याने तिकडची मुलगी पसंत केली. इथे बायकी, स्त्रैण, स्त्रीसुलभ यांपैकी काय वापरू? आणि ‘मेल-ऑर्डर ब्राइड’ला मराठीत काही शब्द आहे का?”

‘बायकी’ लगेच बाजूला ठेवा. हा शब्द आपण बाईबद्दल जवळजवळ वापरतच नाही. बायकी चाल, बायकी आवाज, बायकी हातवारे, हे सगळं पुरुषाचं असतं आणि त्यात हिणवणं असतं. उलट बाईला ‘मर्दानी’ म्हटलं तर ती शाबासकी ठरते. ‘पुरुषी’ म्हटलं की मात्र तिलाही टोमणाच. या तीन शब्दांची किंमत कोण कुणाला म्हणतं यावर ठरते, आणि बाईपणाची किंमत त्यात प्रत्येक वेळी कमीच धरलेली असते.

‘स्त्रैण’ची गोष्ट जास्त वाईट वाटावी अशी आहे. मुळात हा अगदी निष्पाप तद्धित शब्द, म्हणजे नामाला प्रत्यय लागून बनलेला. पाणिनीने ‘स्त्रीपुंसाभ्यां नञ्स्नञौ भवनात्’ (४.१.८७) या एकाच सूत्रात स्त्रीपासून ‘स्त्रैण’ आणि पुंसपासून ‘पौंस्न’ सिद्ध केले आहेत. जोडीचे शब्द, सारख्याच मानाचे. स्त्रीचं ते स्त्रैण, पुरुषाचं ते पौंस्न. यातला ‘पौंस्न’ मराठीत आलाच नाही, आणि ‘स्त्रैण’ आला तो बायकोच्या अर्ध्या वचनात राहणाऱ्या किंवा नेभळट पुरुषाला चिकटून. हे फक्त मराठीतच झालं असं नाही. जपानीत ‘ओन्नाराशी’ म्हणजे बाईला शोभेसं, हा बाईचा गौरव. पण ‘मेमेशी’ हा शब्द, जो लिहिताना ‘स्त्री’चं चिन्ह दोनदा येतं, तो भित्र्या, रडव्या पुरुषासाठी राखून ठेवलेला आहे. जर्मनमध्ये ‘वाइबलिश’ चांगलं आणि ‘वाइबिश’ पुरुषाला दिलेली शिवी. एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या भाषांनी एकच गुण बाईत वाखाणायचा आणि पुरुषात हिणवायचा, हे मला दर वेळी नव्याने अस्वस्थ करतं.

म्हणजे उरला ‘स्त्रीसुलभ’. बहुतेक भाषांतरकार तोच उचलतील, मीही पूर्वी बिनदिक्कत उचलला आहे. पण तुमच्या वाक्यात तो घालून मोठ्याने वाचा: ‘आशियाई बायका जास्त स्त्रीसुलभ असतात.’ कान नकार देतो. का देतो ते पाहण्यासारखं आहे.

सु + लभ्, सहज मिळणारं. समासाच्या शेवटी आल्यावर ‘-सुलभ’चा अर्थ होतो ‘अमक्यांच्या ठिकाणी सहज आढळणारं’. बालसुलभ कुतूहल, वयसुलभ उतावीळपणा, स्त्रीसुलभ संकोच. प्रत्येक ठिकाणी पुढे एक भाववाचक नाम आहे. ‘-सुलभ’ गुणाला लागतो, माणसाला लागत नाही. ‘तो मुलगा बालसुलभ आहे’ असं आपण म्हणत नाही. तसंच ‘ती स्त्रीसुलभ आहे’ हेही मराठी नाही. इंग्रजीतलं ‘फेमिनिन’ थेट बाईला लावून मोकळं होता येतं. मराठी मात्र विचारते: स्त्रीसुलभ काय? लाज? नाजूकपणा? माया? ऐकून घेण्याची तयारी? नाम दिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. तुम्हाला ही अडचण वाटत असेल, पण मला वाटतं मराठीने इथे तुमच्यावर उपकार केले आहेत.

कारण तो नवरा नेमकं काय म्हणतो आहे हे त्याच्या शब्दात नाहीच. हाच ‘फेमिनिन’ रशियन स्त्रीबद्दल वापरला, की बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उंच टाचा आणि नीटनेटका साजशृंगार असतो. फ्रेंच स्त्रीबद्दल वापरला, की कपड्यांची जाण आणि थोडं खेळकर दूरपण. ब्राझीलच्या स्त्रीबद्दल बोलताना तो शरीरावर येतो, आणि जपानी स्त्रीबद्दल असेल तर हळू आवाजावर. शब्द एक, पण देश बदलला की त्याचा अर्थ बदलतो. मग तो बाईचा गुण सांगतो की तिच्या देशाबद्दल बाहेर पसरलेलं चित्र? आणि कित्येकदा खरा अर्थ यांतला एकही नसतो, ‘मला उलट उत्तर देत नाही’ एवढाच असतो. परक्या भाषेत नव्याने संसार मांडलेली बाई कमी बोलते, शब्द जुळवत थांबते, वाद सोडून देते. ते शब्दांचं अपुरेपण असतं. समोरच्याला ते स्वभावाचं मार्दव वाटतं. भाषा हाताशी आल्यावर तीच बाई भांडू लागते, तेव्हा ‘ती बदलली’ असं म्हटलं जातं.

‘जपानी पत्नी’ म्हणून जे चित्र जगभर फिरतं, त्याचा शब्दही तपासू. ‘र्योसाई केन्बो’, म्हणजे चांगली पत्नी, शहाणी माता. ऐकणाऱ्याला वाटतं हा हजार वर्षांचा वारसा. प्रत्यक्षात हा आदर्श मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. त्याचं श्रेय ज्यांना देतात ते जपानी विचारवंत नाकामुरा मासानाओ इंग्लंडमध्ये राहून आलेले. चांगल्या माता कशा घडवाव्यात यावर त्यांनी १८७५ मध्ये लिहिलं, आणि त्या विचारावर राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रज घराची छाया स्पष्ट आहे. पुढे १८९९ च्या मुलींच्या माध्यमिक शाळांविषयीच्या आदेशानंतर तो वर्गावर्गांत पोचला. थोडक्यात, पाश्चात्त्य पुरुष पूर्वेकडे जे शोधायला जातो, त्यातला काही भाग त्याच्याच पणजीच्या काळातून तिकडे गेलेला आहे. शेजारच्या भाषांत याचीच भावंडं आहेत: चिनीत ‘श्येनछी ल्यांगमू’, तिथेही पत्नी आधी, कोरियनमध्ये ‘ह्यॉनमो यांगचॉ’, तिथे माता आधी. या एवढ्याशा क्रमबदलावर स्वतंत्र टिपण व्हायला हवं.

आणि त्याच १८७५ साली अमेरिकेने ‘पेज अ‍ॅक्ट’ केला. वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांना रोखण्याच्या नावाखाली त्याने चिनी स्त्रियांना प्रवेश जवळजवळ बंद केला. प्रत्येक चिनी बाई संशयित. पुढे १९३४ मध्ये सुरू झालेल्या वर्तमानपत्रातल्या एका अमेरिकन चित्रकथामालिकेतून (कॉमिक स्ट्रिप) ‘ड्रॅगन लेडी’ आली, कारस्थानी आणि क्रूर. म्हणजे ‘आशियाई स्त्री’ या एकाच नावाखाली आज्ञाधारक फूलही आहे आणि कपटी सर्पिणीही. पुरुष ज्या मूडमध्ये असेल, ते विशेषण तो उचलतो.

विशेषणाच्या जागेकडेही लक्ष द्या. ‘त्याची बायको जपानी आहे’ हे विधिविशेषण, नामानंतर येणारं; एक माहिती, पारपत्रावरची. ‘त्याला जपानी बायको हवी आहे’ हे अधिविशेषण, नामाआधी येणारं, आणि इथे ‘जपानी’ माणसाचं राहत नाही, प्रकाराचं होतं. हवी ती साडी निवडावी तसं. लेखात दोन्ही प्रकारची वाक्यं असतील तर भाषांतरात त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. नवऱ्याच्या तोंडी विशेषण आधी येतं की नंतर, यावरून वाचकाला त्याची नजर कळते.

‘मेल-ऑर्डर ब्राइड’ला रूढ मराठी शब्द नाही. ‘टपालवधू’ सुबक आहे, पण एखाद्या जुन्या प्रेमकथेसारखा गोड वाटतो, आणि व्यवहार गोड नाही. मी ‘दलालामार्फत परदेशी दिलेली वधू’ असं सरळ लिहीन. फिलिपाइन्सने १९९० मध्ये कायदा करून अशा जुळवणीवर बंदी घातली, तेव्हा त्यात फक्त फिलिपिनो स्त्रियांचा उल्लेख होता. २०१६ मध्ये त्याजागी नवा कायदा आला. त्याच्या नावात ‘ब्राइड’ नाही, ‘स्पाउस’ आहे, कारण आता पुरुषांनाही संरक्षण आहे. तुमच्या लेखात या नव्या कायद्याचा संदर्भ असेल, तर ‘वधू’ न लिहिता ‘जोडीदार’ लिहावं लागेल.

आता तुमचं वाक्य. मूळ लेखात पुढेमागे नवऱ्याने काही खुलासा केला असेल तर तोच गुण नाव घेऊन लिहा: ‘त्याच्या मते तिकडच्या बायका जास्त मृदू असतात’, किंवा ‘जास्त सांभाळून घेतात’. खुलासा नसेल तर ‘त्याच्या भाषेत सांगायचं तर, तिकडच्या बायकांमध्ये बाईपण जास्त असतं’ असं लिहा. ‘बाईपण’ला कमी-जास्त लावता येतं, ते बाईलाच लागतं, आणि त्यात हेटाळणी नाही. पण ‘त्याच्या भाषेत’ हे दोन शब्द गाळू नका. ते गाळले, तर वाक्य तुमचं होतं.