उत्तरेच्या खोलीला राखाडी निळा की फिकट आकाशी?

तुमची खोली दहा बाय अकरा, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला, क्रीम रंगाच्या टाइल्स, सागवानी दार. अडलंय ते दोन शेड्समध्ये: राखाडी झाक असलेला निळा की किंचित हिरवट झाकेचा फिकट आकाशी. माझं मत आकाशीला, आणि ते खिडकीमुळे.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही. येतो तो आभाळाचा उजेड, आणि तो मुळात निळसरच असतो. राखाडी निळ्यात काळ्याची मात्रा असते. त्याच्यावर हा उजेड पडला की निळा मागे सरतो आणि भिंत सिमेंटसारखी दिसायला लागते. आमच्या सासूबाईंची खोली अशीच उत्तरेची. शेडकार्डावर फार देखणा दिसला म्हणून राखाडी निळा लावला. पहिल्याच पावसाळ्यात त्या म्हणाल्या, "खोलीत सारखं आभाळ भरून आल्यासारखं वाटतं गं." दोन वर्षांत रंग बदलला. त्यांचा दिवसातला बराच वेळ त्याच खोलीत जायचा, याचं मला अजून वाईट वाटतं.

आकाशीतली हिरवट झाक तो थंडपणा थोडा कमी करते. पण रात्रीचे दिवे आधी बघा. तीन हजार केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याचा उजेड किती पिवळसर की निळसर पांढरा, ते सांगणारं माप) पिवळसर दिव्याखाली हाच रंग चक्क पिस्त्यासारखा दिसू शकतो. साडेसहा हजारच्या पांढऱ्या ट्यूबखाली निळाच राहतो, पण भिंती थंडगार वाटतात. चार हजारच्या आसपासचे दिवे मला सगळ्यात बरे वाटतात.

शेडकार्डाच्या दोन इंची तुकड्यावरून मात्र ठरवू नका. चारही भिंतींना तोच रंग लागला की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि खोलीत तो कार्डापेक्षा गडद भासतो. म्हणून ठरवलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्या. छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. जुन्या पिवळ्या भिंतीवर थेट लावलात तर डोळा फसतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्या शेजारीही. ओलं इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा पाण्याचा रंग, फिकट दिसतं, वाळल्यावर थोडं गडद होतं. रंगारी घाईत "जरा गडद करू का?" म्हणाले तर थांबायला सांगा.

सागवानी दाराची काळजी नको. लाकडातली नारिंगी छटा निळ्याच्या शेजारी आली की दोन्ही रंग खुलतात. छत मात्र निळसर पांढरं न घेता किंचित दुधी घ्या.

राखाडी निळा मिस्टरांच्या फारच मनात भरला असेल, तर तुमचा हॉल पश्चिमेला आहे ना? तिथे लावा. दुपारनंतरच्या पिवळ्या उन्हात तो शांत आणि भारदस्त दिसतो, आणि तापलेल्या खोलीत डोळ्यांना गारवाही वाटतो.