अपरिचित ठिकाणी मुक्काम निवडताना

कोल्हापुरातून पहिल्याच परदेशप्रवासाला निघताना तुम्ही ठरीव सहलीऐवजी स्वतः ठिकाणे निवडणार आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. माझा आग्रह असा की, आधी मुक्कामाची जागा शोधावी आणि तिच्याभोवती प्रवास बेतावा. जपानमधील कोयासान या शिंगोन बौद्ध पंथाच्या डोंगरावरील तीर्थक्षेत्री सुमारे ५० मंदिरांत राहण्याची सोय होते. तिथे तातामी चटईवर अंथरूण, पहाटेची प्रार्थना आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेले शाकाहारी जेवण मिळते, मात्र रात्रीचे जेवण सायंकाळी लवकरच वाढले जात असल्याने उशिरा पोहोचून चालत नाही. स्पेनमध्ये १९२८ पासून सरकारी ‘पारादोर’ हॉटेले आहेत व त्यांतील अनेक जुन्या किल्ल्यांत आणि मठांत वसली आहेत. जॉर्जियाच्या स्वानेती भागात स्थानिक कुटुंबांच्या घरीच उतरता येते.

जागा पारखताना आरक्षणाच्या संकेतस्थळावर पाहुण्यांनी दिलेल्या सरासरी गुणांवर विसंबू नका. कमी गुण देणाऱ्यांचे अभिप्राय आधी वाचा, आणि तेही आपण जाणार त्याच महिन्यातले. पन्हाळ्यावरची मे महिन्यातली खोली जुलैच्या धुक्यापावसात तशी राहत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. स्थानकापासूनचे अंतर नकाशावर पाहताना चढ किती आहे तेही पाहा. स्पेनसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण करा आणि रद्द करण्याची अंतिम तारीख वहीत नोंदवून ठेवा.