वाचक विचारतात : जांभळा गांजा, त्याचा रंग आणि त्याची मशागत

गांजाच्या जांभळ्या इंडिका वाणांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : जांभळी, काही तर जवळजवळ काळी दिसणारी गांजाची फुले छायाचित्रांत पाहिली. हा रंग खरा असतो का?

खरा असतो. अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा तो रंग आहे. वांग्याची साल, जांभळा कोबी आणि काळी द्राक्षे यांना रंग देणारी द्रव्येही याच कुळातली. ती पाण्यात विरघळतात आणि पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीरसाने भरलेल्या पिशवीत साठतात.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचा एक प्रयोग असतो. तो मी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करून घेतला, आणि प्रत्येक तुकडीच्या वेळी भिंगाला डोळा लावायची घाई मलाच जास्त असे. सालीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला की प्रत्येक पेशीतला जांभळा भाग आक्रसत जातो. पेशीभित्तिका मात्र जागची हलत नाही. रंग भिंतीत नसून आतल्या रसात आहे, हे तेव्हा मुलांना सांगावेच लागत नाही. गांजाच्या पानात, देठात आणि मादी फुलाला वेढून बसणाऱ्या इवल्या पानांत तोच प्रकार असतो.

या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आम्लाकडे झुकला तर रंग तांबूस दिसतो, उदासीनाच्या जवळ असला तर जांभळा आणि त्यापुढे निळसर. म्हणून मातीत आंबट पाणी घालून रंग बदलण्याचे सल्ले दिले जातात. त्यांचा उपयोग नाही, कारण पेशीरसाचा सामू झाड स्वतः सांभाळते. हायड्रेंजियाची फुले मातीप्रमाणे निळी-गुलाबी होतात हे खरे, पण तिथे आम्लधर्मी मातीतून झाडात शिरणारे अ‍ॅल्युमिनियम काम करते. ते उदाहरण गांजाला लावू नये.

प्रश्न : जांभळा गांजा हिरव्यापेक्षा कडक असतो असे मित्र सांगतात. खरे आहे का?

नाही. नशा आणणारे टीएचसी फुलोऱ्यावरच्या ग्रंथियुक्त केसांच्या टोकाशी, चिकट राळेत तयार होते. भिंगातून पाहिले तर हे केस काचेच्या टाचणीसारखे दिसतात. अँथोसायनिन बनते ते पानाफुलांच्या पेशींत, आणि त्याची रासायनिक वाटही वेगळी. या दोन कारखान्यांचा एकमेकांशी संबंध नाही. १९६४ मध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळे काढून त्याची रचना मांडली, त्यामुळे नशेचे मूळ कुठल्या रेणूत आहे हे तेव्हापासून स्पष्ट आहे, आणि तो रेणू जांभळा नाही. नशा जेमतेम असलेल्या, धाग्यासाठीच्या झाडांतही जांभळी छटा येऊ शकते. ताकद कळते ती प्रयोगशाळेतल्या तपासणीत.

तुमच्या अक्षरावरून आणि पत्रातल्या उल्लेखांवरून तुम्ही विशीच्या आतले वाटता, म्हणून न विचारलेलेही सांगतो. मेंदूची वाढ पुरी होण्याआधी टीएचसी घेणे स्मरणशक्तीला आणि मनःस्वास्थ्याला धोक्याचे आहे. घरात कुणाला मनोविकार असेल तर तो धोका आणखी वाढतो. फुलाचा रंग कोणताही असो.

प्रश्न : इंडिका ओळखावी कशी?

व्यवहारात ज्याला इंडिका म्हणतात ते झाड बुटके, झुडपासारखे पसरणारे असते. पेरे आखूड, पर्णिका रुंद आणि गर्द हिरव्या, फुलोरा घट्ट गाठींचा. फुलायला लागल्यापासून साधारण सात ते नऊ आठवड्यांत ते काढणीला येते. हिंदुकुशच्या कोरड्या, थंड डोंगरउतारांवरच्या वाणांशी त्याचे नाते जोडतात. उंच, अरुंद पानांचे, उशिरा पिकणारे झाड सॅटिव्हा म्हणून ओळखले जाते.

शास्त्रीय वर्गीकरणात मात्र इतका सरळ मामला नाही. लिनियसने १७५३ मध्ये कॅनॅबिस सॅटिव्हा ही जाती नोंदवली आणि १७८५ मध्ये लामार्कने भारतातल्या नमुन्यांवरून कॅनॅबिस इंडिका वेगळी मांडली. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी दोन्ही एकाच जातीत घालून त्यांच्या उपजाती केल्या, आणि त्यासाठी ०.३ टक्के टीएचसी ही रेषा धरली. त्यानंतर इतके संकर झाले आहेत की पाकिटावरचा शिक्का आणि झाडाचा वंश जुळेलच असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही हेच दिसले. मी स्वतः पाकिटावरच्या शब्दापेक्षा पर्णिकेची रुंदी आणि पिकण्याचा काळ पाहतो.

प्रश्न : आमच्याकडे परवान्याने लागवड करता येते. झाड हमखास जांभळे व्हावे म्हणून काय करावे?

परवान्याचा उल्लेख तुम्ही केलात, म्हणून सविस्तर लिहितो. जिथे कायद्याने मनाई आहे तिथे एका झाडासाठीही गुन्हा दाखल होऊ शकतो, हे इतर वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट वंशाची. अँथोसायनिन बनवण्याची ताकद झाडाच्या जनुकांत नसेल तर कितीही थंडी द्या, फुलोरा हिरवाच राहतो. बियाण्यातून आलेल्या भावंडांतही एखादे गर्द जांभळे, एखादे फिकट असे निघते. म्हणून चांगले रंगलेले मादी झाड हेरून त्याची छाटकलमे करणे हाच खात्रीचा मार्ग. नर झाडे वेळेत ओळखून दूर करावीत. परागकण वाऱ्यावर येतात, आणि मादी फुलात बी धरले की राळ कमी होते.

गांजा लहान दिवसांत फुलतो. फ्रान्समध्ये तुर्नोआने १९१२ च्या सुमारास दिवस आखूड केल्यावर हे झाड लवकर फुलते हे पाहिले होते. पुढे १९२० मध्ये गार्नर आणि अॅलार्ड यांनी दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा संबंध सर्वसाधारण नियम म्हणून मांडला. बंदिस्त जागेत बारा तास उजेड आणि बारा तास सलग काळोख ठेवतात. काळोखात मध्येच दिवा लागला तर फुलोरा बिघडतो.

रंगासाठी शेवटचे दोन-तीन आठवडे महत्त्वाचे. दिवस उबदार ठेवून रात्रीचे तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवले की, वंशात ताकद असल्यास, रंग खुलतो. झाड पिकत आले की हरितद्रव्य ओसरू लागते आणि त्याखाली झाकलेला जांभळेपणा वर येतो. तापमान हळूहळू उतरवा. एकदम कडाक्यात टाकल्यास मुळे गारठतात आणि वाढ खुंटते. मुळांशी बर्फाचे पाणी घालण्याची सूचनाही फिरत असते, ती मला पटत नाही. झाडाला आजारी करून रंगवण्यात काय साधणार?

थंड रात्रींचा दुसरा परिणाम हवेत दिसतो. गारव्यात दव साठते आणि इंडिकाच्या घट्ट गाठींत ओल अडकते. तिथे बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी, आतून सुरू होते. बाहेरून गाठ छान जांभळी दिसत असते आणि आतला गाभा करडा, भुसभुशीत झालेला असतो. म्हणून पंखा चालू ठेवा, आर्द्रता निम्म्याच्या खाली राखा आणि जाड गाठी रोज हलक्या हाताने उकलून पाहा. बुरशीचा भाग भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासह कापून टाका. तो वाळवून ठेवू नये.

काढणीची वेळ रंगावरून ठरवू नका. ग्रंथियुक्त केसांचे थेंब पारदर्शक आहेत, दुधाळ झालेत की काही अंबरसारखे पिवळसर होऊ लागलेत, हे भिंगातून पाहा. बहुतेक दुधाळ झाले की काढणी योग्य. नंतर काळोखात, मंद हवेशीर जागी सावकाश वाळवा. उन्हात ठेवले तर रंग उडतो आणि वासही जातो.

प्रश्न : माझ्या रोपांची खालची पाने आणि देठ जांभळे पडले आहेत. रंग येतोय म्हणून आनंद मानावा का?

थांबा. खालची पाने मळकट गर्द होऊन जांभळी पडत असतील आणि वाढ थबकली असेल तर स्फुरद (फॉस्फरस) कमी पडत आहे. माती फार गार असली, सामू बिघडला असला, तरी मुळांना स्फुरद उचलता येत नाही. आधी मातीचा सामू मोजा, तो ६ ते ७ च्या दरम्यान हवा. तो ठीक असेल आणि मातीही गार नसेल तरच स्फुरदाचे खत वाढवा. फुलोरा आल्यावर कळ्यांवर उतरणारा रंग वेगळा. तो साधारण वरच्या भागात दिसतो आणि झाड एरवी टवटवीत असते.