ओमर पाशा लतास मूळचा ख्रिश्चन होता ना, मग ऑटोमन सेनापती कसा झाला?

हो, जन्माने तो मिहाइलो लतास, सर्ब ऑर्थोडॉक्स घरातला, १८०६ ला आजच्या क्रोएशियातल्या यान्या गोरा गावी जन्मला. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरच्या फौजेत होता, वडिलांवर अफरातफरीचा ठपका आला आणि हा सरळ ऑटोमनांच्या ताब्यातल्या बॉस्नियात पळाला, तिथे मुसलमान झाला. अक्षर सुंदर, त्यामुळे इस्तंबूलला शिक्षकाची नोकरी लागली आणि विद्यार्थी कोण तर पुढे सुलतान झालेला अब्दुलमजीद, नशीब इथेच फिरलं. १८५०-५१ मध्ये बॉस्नियातल्या बेगांचं, म्हणजे तिथल्या मुसलमान जमीनदारांचं, बंड त्याने फार निर्दयपणे मोडलं, हर्सगोविनाचा म्हातारा वजीर अली पाशा रिझवानबेगोविच तर त्याच्या कैदेतच गोळी लागून मेला, हे विसरायला नको. पण फेब्रुवारी १८५५ ला क्रिमियन युद्धात युपेटोरिया या बंदराच्या शहरावरचा रशियनांचा हल्ला परतवला, माझ्या मते ती त्याची खरी कमाई. १८७१ ला इस्तंबूलमध्येच वारला.