वरच्या थरावरून पडलेला एक गोविंदा उठून चालतो, दुसऱ्याचा मणका मोडतो. असं का?

उंचीइतकंच महत्त्व आहे ते शरीर किती अंतरात थांबतं याला. 6 मीटरवरून (साधारण 20 फूट) पडायला जेमतेम 1.1 सेकंद लागतो आणि जमिनीशी वेग होतो ताशी 39 किमी. डांबरी रस्त्यावर शरीर समजा 5 सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 120 पट. तेच खाली उभ्या पोरांच्या हातांवर पडला, हात दबत दबत अर्धा मीटर खाली गेले, तर 12 पट. म्हणून खालचा घोळका पांगू देऊ नका हो, तीच खरी गादी!

कुठला भाग आधी टेकतो हेही बघा. ताठ पायांवर पडलं की टाचेचं हाड फुटतं आणि तोच धक्का वर चढून कमरेचा मणका चेपतो. त्यामुळे टाच मोडलेल्याचा मणकाही डॉक्टर तपासतात. डोकं आधी आपटलं तर कमी उंचीही जिवावर बेतते. हेल्मेटमधला फोम चेपून थांबायला थोडं अंतर मिळवून देतो.

आणि पडलेल्याला खांद्यावर उचलून पळू नका. मान न हलवता तसंच राहू द्या, 108 ला फोन करा.